वाकलं की येणारा वास

आत्याबाई,

काल तुमचा शुभस्वीकार झाला, म्हणजे तेराव्याचं गोडाचं जेवण. पायसम चांगलं झालं होतं. तुम्हाला आवडलं नसतं, कारण दुसऱ्याच्या हातचं पायसम तुम्हाला कधीच आवडलं नाही. तंजावराकडची माणसं आली, मांबलममधली आपली सगळी घरं आली, आणि पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं: काय त्या बाईचं सोवळं, आणि काय ते नाक! शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी हिला इथं कळायचं म्हणे. मी वाढत होते. त्या नाकाबद्दल मला जे ठाऊक होतं ते घरच्या माणसांखेरीज पंगतीतल्या कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलते आहे. जिवंतपणी तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आता उठून सोवळ्यातलं मडीचं पाणी भरण्याचं निमित्त काढून आत जाता येणार नाही तुम्हाला.

मी तुमची सून होऊन आले तेव्हा आपण स्टेशनाजवळच्या त्या जुन्या घरात राहत होतो. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी तुम्ही पानावरून उठलात आणि म्हणालात, "कसला गे हा नात्तम?" मी हुंगलं, यांनी हुंगलं, मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवून हुंगलं. कुणालाच दुर्गंधी आली नाही. पण तुम्हाला आली म्हणजे ती असणारच, हा घरातला कायदा होता. मग शोध सुरू झाला. माळ्यावर मेलेला उंदीर शोधला. मोरीची फरशी उखडली. तांदळाचा डबा रिकामा करून उन्हात घातला. खालच्या बिऱ्हाडात मासे शिजतात असा तुम्हाला संशय आला, आणि ती बिचारी माणसं आपल्याहून कडक शाकाहारी निघाली. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी माहेरीही पाहिली होती, पण तुमचं निराळं होतं. तुम्हाला खरोखरच ओकारी यायची. डोळ्यांत पाणी यायचं. ते सोंग नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होते.

शेवटी आपण घर बदललं. शांत केली, गोमूत्र शिंपडलं, नव्या घरात दूध उतू घातलं. आठ दिवस बरे गेले आणि मग तोच वास तिथंही आला. तुम्ही विचार केलात. तुमचं डोकं चांगलं चालायचं, ते मी नाकारत नाही. जुन्या घरातून नव्या घरात वास आला, तर जुन्या घरातून नव्या घरात काय काय आलं? भांडी घासून घेतली होती, कपडे उकळले होते. राहिली सून. तुमचं स्वतःचंही नाक तुमच्याबरोबर आलं होतं, हे तेवढं हिशोबात धरायचं राहिलं.

"गोदा, तुझ्या अंगास नात्तम आहे गे," तुम्ही म्हणालात. ओरडून नाही, जरा कीव आल्यासारखं. "राग नोको मानूं. मज येतो म्हणून सांगत्यें."

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या बाहेर. भाजी चिरायची तीही मागच्या व्हरांड्यात. शिकेकाई, वाळा, लिंबाची सालं, कडुलिंबाचा पाला, कुणी सांगेल ते मी अंगाला लावलं. दिवसातून तीनतीनदा न्हायले. मद्रासच्या मे महिन्यात नळाला पाणी नसताना लांबून आणून न्हायले. सणावारी तुम्हाला नमस्कार करायला वाकले की तुम्ही आशीर्वाद द्यायला वाकायचात, कुंकवाचं बोट कपाळाकडे यायचं, आणि मध्येच तुमचा चेहरा पिळवटायचा, पदर नाकाला जायचा. प्रत्येक वेळी. मी उभी असताना एवढं नाही, पण मी पायाशी वाकले की हटकून. मला वाटायचं, डोक्याचाच वास असेल. मी केस कापून टाकायचाही विचार केला होता.

यांना मी एकदा विचारलं, "तुम्हाला येतो का?" हे म्हणाले, "मला तर नाही येत." मग आईंना सांगा की, म्हटलं. त्यावर यांनी वर्तमानपत्र उघडलं. तुमचा मुलगा स्वभावानं चांगला आहे. पण तुमच्यासमोर त्याला स्वतःचं नाकसुद्धा नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज हे लिहायला बसले नसते. सासवांचं ऐकायचं असतं, ऐकलं. पण तुम्ही माझ्या बहिणीला मध्ये ओढलंत.

कावेरीसाठी ते स्थळ तुम्हीच आणलं होतं. तुमची मावसबहीण अंबाबाई, एग्मोरची, तिचा मुलगा. सज्जन घर, मुलगा नोकरीला, आणि कावेरी तेव्हा तंजावरला शिकून तयार. गोरी नाही, पण नाकीडोळी नीटस आणि हसरी. ती तेव्हा किती हसायची हे तुम्ही पाहिलंत की. पाहण्याचा कार्यक्रम आपल्याच घरी झाला. कावेरीनं अंबाबाईंना नमस्कार केला, मग तुम्हाला. तुम्ही कुंकू लावायला वाकलात. आणि सगळ्यांच्या देखत तुमचा पदर नाकाला गेला.

अंबाबाईंनी ते पाहिलं. कावेरीनंही खालून पाहिलं. नंतर तुम्ही दोघी बहिणी आत कॉफी घेत बसलात, आणि मी व्हरांड्यात होते, तिथं मला शब्दनशब्द ऐकू आला.

"मज वाटलं होतं गोदेसच आहे. आज कळलं, दोघी बहिणींस आहे. एक मी भोगत्यें आहें गे अंबा, तूं कां भोगतेस?"

अंबाबाई निरोप न घेताच गेल्या असत्या, पण कॉफी संपवून, पान घेऊन, रीतीनं गेल्या. मद्रासेत आपली घरं ती किती? एका घरात कुणी खोकलं की दुसऱ्या घरात काढा उकळतो. महिन्याभरात मांबलमपासून तंजावरपर्यंत सगळ्यांना कळलं की त्या मुलीच्या अंगाला वास आहे. पुढची दोन स्थळं तर पाहायलासुद्धा आली नाहीत. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तुम्हाला विचारायला म्हणून मद्रासची गाडी धरली आणि तुमच्यासमोर बसून हवापाण्याच्या गोष्टी करून परत गेले. मुलीचा बाप काय विचारणार?

कावेरी शाळेत शिक्षिका झाली. मुली तिला मानतात. पण ती वर्गात खिडकीशी उभी राहून शिकवते, आणि वही तपासायला मुलीला जवळ बोलवत नाही, वही टेबलावर ठेवून मागे सरायला सांगते. शिक्षकांच्या खोलीत दाराजवळची खुर्ची तिची. चोळीत वाळ्याची पुरचुंडी असते. गाडीत शेजारी कुणी बसलं की ती उठून उभी राहते. मी एकदा तिच्या गळ्यात हात टाकायला गेले तर म्हणाली, "नको अक्का, घाम आलाय."

आता चांगलंही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकांगी लिहिते. माझ्या पहिल्या बाळंतपणात तुम्ही सबंध दिवस माझी पाठ धरून बसला होतात. त्या दिवशी वास आला नाही का तुम्हाला? आला असणार, वाकूनच तर बसला होतात. तरी उठला नाहीत. अण्णा गेल्याची तार आली तेव्हा कुणाला न विचारता तुम्ही माझी पिशवी भरलीत आणि यांना म्हणालात, "चुम्मा उगाच बघत काय राहिलास, गाडीवर बसव तीस." टायपिंगच्या क्लासला मला तुम्हीच घातलंत. घरात कुणाची इच्छा नव्हती. त्या टायपिंगवर आज मी अंबत्तूरच्या कारखान्यात ऑफिसात बसते, माझ्या नावाचं टेबल आहे. मला तुम्ही शिकावं म्हणून पाठवलंत, की दुपारभर मी घरात नसावे म्हणून, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी क्लास तर तुम्हीच लावलात, हे खरं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि ते ऋण मला टोचतं.

मग तुमचा उजवा गाल सुजला. डोळ्याखाली ठणका, ताप, वरच्या दाढा शिवशिवायच्या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं, उतार पडला, पुन्हा सुजला. असं होता होता त्यांनी आपल्याला एग्मोरच्या बाजूच्या एका नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उंच, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, वास येतो का कसला?"

तुम्ही सांगितलंत, येतो. कुजका. बरीच वर्षं.

"एकाच नाकपुडीत?"

"उजव्या बाजूस."

"केव्हा येतो?"

"वाकलं कीं येतो," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या खुर्चीमागं उभी होते. खुर्चीची पाठ मी धरली तेवढं आठवतं. वाकलं की येतो. माझ्या कपाळाला कुंकू लावायला वाकलं की. कावेरीच्या कपाळाला लावायला वाकलं की.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला येतो?" तुम्ही म्हणालात, "अस्क्यांस येतो, घरांत सगळ्यांस." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते. मग पंख्याकडेच बघत म्हणाले, "नाही. मला कधीच आला नाही." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्यानं माझी बाजू घेतली ती पंख्यासमोर.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गालाच्या हाडात, डोळ्याखाली, दोन्हीकडे एकेक पोकळी असते. तिचं तोंड नाकात उघडतं, पण ते वरच्या अंगाला असतं, त्यामुळे आत पू साठला की आपोआप वाहून जात नाही, साठून राहतो. माणूस वाकलं की तो वरच्या तोंडाशी येतो आणि थोडा नाकात गळतो. मग ज्याचं नाक त्यालाच दुर्गंधी. असाही एक रोग असतो, ते म्हणाले, की जगाला वास येतो आणि रोग्याला येत नाही. तुमचं नेमकं उलट आहे, अम्मा.

तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "औषध द्या."

त्यांना आधी खात्री करायची होती. तोंडात एक लहानसा दिवा धरायचा, ओठ मिटायचे, खोलीत अंधार करायचा. पोकळी रिकामी असली तर गाल आतून लाल उजळतो. भरलेली असली तर काळाच राहतो. तुम्ही दिवा पाहिलात आणि विचारलंत, "हा ह्याआधीं कोणाच्या तोंडांत होता?" डॉक्टर म्हणाले, स्पिरिटनं पुसलाय. "पुसलं म्हणून उष्टं जातं काय?" तुम्ही उठलात. भांडं ओठाला न लावता वरून पाणी पिणारी बाई, ती जगाचं उष्टं तोंडात कशी घेणार! मग एक्स-रे काढा म्हणाले. त्यालाही हनुवटी आणि नाक पाटीला टेकवावं लागतं. तीही पाटी उष्टी. आपण घरी आलो. पावसाळा सरेपर्यंत तुमच्या गालात पू होता आणि मी व्हरांड्यात होते.

पुढं ताप चढला तेव्हा कुठं तुम्ही पुन्हा गेलात. एक्स-रेच्या पाटीवर तुमचं सोवळ्यातलं रेशमी वस्त्र घातलं. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "हरकत नाही अम्मा, किरण सोवळ्यातून जातात." दिव्यावर बसवायची काचेची नळी मी घरून नेलेल्या पाण्यात तुमच्या डोळ्यांदेखत उकळली. मग पडदे ओढले, आणि तुम्ही ओठ मिटलेत.

तुमचा डावा गाल उजळला, टॉर्चवर तळहात धरल्यासारखा लाल. उजवा काळा. तुम्हाला ते दिसणं शक्य नव्हतं. मी समोरच उभी होते. त्या अंधारात मला आनंद झाला, आत्याबाई. तुमच्या दुखण्याचा नव्हे. तो वास कुठं राहतो ती जागा मी डोळ्यांनी पाहिली, आणि ती माझ्या अंगात नव्हती, याचा.

मग धुणं. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे घालून ठेवले. नंतर जाड सुई नाकातून आत, हाडातून कटकन आवाज आला, तुम्ही माझं मनगट धरलंत. रबरी फुग्यानं कोमट मिठाचं पाणी आत सोडलं. तुम्ही पुढं वाकलेल्या, हनुवटीखाली वाकडं तबक मी धरलेलं. आधी पाणी आलं, मग गाठी. आणि मग तो वास खोलीभर पसरला. नर्सनं तोंड फिरवलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी न्हाऊन न्हाऊन कातडी सोलली तो वास मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

"हाच का तो, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं.

तुम्ही मान हलवलीत. मग तबकावरून नजर वर केलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं. मला शंकाच नाही, सगळं कळलं होतं, मी आणि कावेरी आणि अंबाबाई आणि कॉफी, सगळं. तुमचे ओठ हलले. मी वाट पाहिली.

"तबक नीट धर," तुम्ही म्हणालात. "सांडेल."

दर आठवड्याला धुतलं तरी पू पुन्हा भरायचा. डॉक्टर म्हणाले, याचं मूळ दुसरीकडे आहे, दाताच्या डॉक्टरांना दाखवा. दाताच्या डॉक्टरांनी फोटो पाहून विचारलं, इथली दाढ कुणी काढली? तेव्हा बाहेर आलं की फार पूर्वी, मी सून होऊन यायच्याही आधी, कुठल्या उत्सवात बाहेर बसलेल्या एका दात काढणाऱ्याकडून तुम्ही ती उपटून घेतली होती. दवाखान्यातली हत्यारं उष्टी म्हणून. आणि त्यानं चिमटा तुमच्यासमोर गंगेच्या पाण्यात बुडवला होता म्हणे! दाढ निघाली, मूळ मोडून वर राहिलं. वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. तुमचं ते मोडकं टोक आत सरकलं आणि तिथं कुजत राहिलं.

ऑपरेशन झालं. वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वर छेद देऊन, हाडाला खिडकी पाडून आतलं सगळं खरवडून काढलं, आणि पुन्हा साठू नये म्हणून तळाशी नाकात वाट करून दिली. डॉक्टरांनी जाळीच्या कापडावर ते टोक आणून दाखवलं. तुरीच्या डाळीएवढं होतं. हे म्हणाले, "एवढंसंच!" चोर गालात बसला होता आणि फाशी दोन बहिणींना झाली होती.

कितीतरी दिवस तुमचा गाल आणि ओठ बधिर होता. वरून पाणी ओतलं की ओघळायचं आणि तुम्हाला कळायचंही नाही. मी पुसायचे. तुम्ही पुसू द्यायचात. एका सकाळी तुम्ही दारातल्या बाईकडून मोगरा घेतलात, नाकाशी धरलात आणि रडलात. मला खरंच बरं वाटलं तेव्हा. मग डोळे पुसून म्हणालात, "आज रसम तूंच कर." झालं. व्हरांड्यातून स्वयंपाकघरात मी अशी परत आले. घरातल्या सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

मी तुम्हाला सरळ सांगितलं होतं. माझं राहू द्या, माझं मी सोसलं. पण कावेरीला सांगा. मी तिला सगळं समजावलं होतं, दिवा, पू, दाढेचं मूळ, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, तू माझी बहीण. तू असंच सांगणार. ज्यांना वास आला त्यांनी सांगू दे." बरोबरच होतं तिचं. जिनं पदर नाकाला लावला तिनंच तो काढायला हवा. तुम्ही म्हणालात, "आतां काय त्याचं? अंबाच्या मुलाचं लग्न झालं. हिच्या कपाळीं नव्हतं." मी म्हटलं, लग्नासाठी नाही, तिला माणसांजवळ बसता यावं म्हणून सांगा. तुम्ही मडी भरायला उठलात.

पुढं मामंजी गेले. तुमचं हृदय थकलं. पायऱ्या चढवेनात, मग बसवेना. गेल्या दसऱ्याला मी मुद्दाम कावेरीला बोलावून घेतलं. ती तुमच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली, आत आली नाही. मी तुमच्या कानाशी लागून म्हटलं, आत्याबाई, एक वाक्य. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "पोरगी वाळली गे. तीस तूप वाढ." आणि डोळे मिटलेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय, हे मी तेव्हा पाहिलं. पण खरं सांगू? त्या दिवशी मी तुम्हाला माफ करून टाकलं. मनाशी म्हटलं, या बाईच्या अंगात ते नाहीच. काही माणसांना चूक झाली हे शब्द उच्चारताच येत नाहीत, जीभ वळत नाही. पांगळ्याला धाव म्हणून किती ओरडायचं? म्हणून शेवटचे महिने मी तुमचं सगळं केलं, आणि मनापासून केलं. लोक म्हणतात तसं कर्तव्य म्हणून नव्हे. तुम्ही गेलात तेव्हा माझा हात तुमच्या छातीवर होता आणि मी रडले, तेही खरं.

आता काल काय झालं ते ऐका.

कावेरी आली होती. पंगतीच्या टोकाला, दाराजवळ बसली. तिच्या शेजारचं पान रिकामं होतं, ते तसंच राहील असं तिला वाटलं असावं. तेवढ्यात अंबाबाई आल्या. आता थकल्यात, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलतात. धरून आणलं त्यांना आणि त्या रिकाम्या पानावर बसवलं. कावेरी उठायला लागली तर त्यांनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"तूं गोदेची बहीण नव्हे? शाळेंत शिकवतेस म्हणे. तुझं माझ्या घरीं यायचं होतं गे!" मी पायसम घेऊन समोरच होते. "तुज माहीत आहे? नाकाचं ऑपरेशन झाल्यावर हिची सासू माझ्याकडे आली होती. एकटी, रिक्षांतून. किती रडली! म्हणट्लं, अंबा, चुकल्यें मी. नात्तम माझ्याच नाकांत होता, त्या पोरीस कांहीं नव्हतं. तुझी सोन्यासारखी सून मी घालवल्यें, मज क्षमा कर. मी म्हणट्लं, जाऊं दे गे, मुलाचं लग्न झालं, आतां उकरून काय? आपल्या दोघींतच राहूं दे. कॉफी पिऊन गेली बिचारी. कसलं मन होतं! गोदा, थोडं पायसम घाल की."

मी घातलं.

कावेरीनं पान मिटलं आणि उठून मागं गेली. मी पातेलं खाली ठेवून तिच्या मागं गेले. ती नळाशी हात धूत उभी होती. मी म्हटलं, "आता तरी पटलं?"

"पटलं," ती म्हणाली. "पटून आता काय करू, अक्का?"

मग नळ बंद करून ती म्हणाली, "म्हणजे त्यांना सांगता येत होतं."

रात्रीच्या गाडीनं ती गेली. तेव्हापासून तिचं तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही रिक्षा केलीत. एग्मोरपर्यंत गेलात. रडलात, चुकले म्हणालात, क्षमा मागितलीत, आणि जिचं काहीच बिघडलं नव्हतं तिची मागितलीत. का, तर तिची सून हुकली म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी परत आलात तेव्हा दार मीच उघडलं असणार. तुम्हाला पाणी मीच दिलं असणार. मी समोर उभी होते, आत्याबाई, आणि कावेरी एका पोस्टकार्डाच्या अंतरावर होती.

तुम्हाला जमत नाही म्हणून मी तुम्हाला माफ केलं होतं. तुम्हाला जमत होतं. आमची माफी मागावी एवढ्या आम्ही तुम्हाला कधी कुणी वाटलोच नाही.